समुद्री घोड्याची पिल्लं घरच्या टँकमध्ये वाढवता येतात का?

एक समुद्री घोडा पाण्यात उभा आहे. पोट टम्म फुगलंय. तो कमरेत वाकतो, एक झटका देतो आणि पोटावरच्या पिशवीतून धुरासारखा लोट बाहेर येतो. नीट पाहिलं की कळतं, तो धूर नाही. ती पिल्लं आहेत. एका झटक्यात पंधरा-वीस, आणि असे झटके बराच वेळ चालू राहतात.

असा व्हीडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. त्याखालच्या कमेंटही ठरलेल्या असतात. 'भावा, हा कुठे मिळतो?', 'किंमत काय?', 'घरी ठेवला तर पिल्लं होतील का?'

समजा, हा प्रश्न मरोळमध्ये राहणाऱ्या एखाद्या हौशी माणसाला पडला. वन बीएचके घर आहे, हॉलमध्ये दोन फुटांचा टँक आहे, गप्पी आणि मॉली पाळून झालेत. आता पुढचा टप्पा म्हणून समुद्री घोडा आणला आणि त्याची पिल्लं वाढवली तर?

थोडक्यात उत्तर असं: भारतात समुद्री घोडा घरी ठेवणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी त्याची पिल्लं जगवणं हे मत्स्यपालनातल्या सगळ्यात किचकट कामांपैकी एक आहे. असं का, ते समजून घेऊ.

नाव घोडा, पण आहे मासा

समुद्री घोडा हा मासाच आहे. त्याला कल्ले असतात, पर असतात. खवले मात्र नसतात. त्याऐवजी कातडीखाली हाडांच्या कड्यांचं चिलखत असतं. त्यामुळेच तो वाळवला तरी त्याचा आकार तसाच राहतो. हाच गुण त्याच्या जिवावर उठला आहे, ते पुढे पाहू.

शास्त्रीय भाषेत त्याला 'हिप्पोकॅम्पस' म्हणतात. आपल्या मेंदूत आठवणी साठवायला मदत करणाऱ्या एका भागालाही हेच नाव आहे, कारण तो भाग दिसायला समुद्री घोड्यासारखा असतो.

जगात समुद्री घोड्याच्या चाळीसहून अधिक प्रजाती आहेत. भारताच्या किनाऱ्यावर त्यातल्या काही सापडतात. त्यांपैकी 'हिप्पोकॅम्पस कुडा' म्हणजे पिवळा समुद्री घोडा हा बऱ्यापैकी ओळखीचा. जागतिक पातळीवर धोक्यातल्या प्रजातींची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेने त्याची नोंद 'असुरक्षित' या गटात केली आहे.

तो पोहण्यात अगदीच कच्चा. पाठीवरचा छोटासा पर वेगाने हलवत तो हळूहळू सरकतो. म्हणून शेपटीने एखादं गवत किंवा काडी घट्ट धरून ठेवायची आणि भक्ष्य जवळ येण्याची वाट पाहायची, ही त्याची पद्धत. भक्ष्य टप्प्यात आलं की नळीसारख्या तोंडाने ते क्षणात आत ओढून घेतो.

बाळंतपण बाबांचं

समुद्री घोड्यांत गर्भार राहतो तो नर. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते. तिथेच ती फलित होतात.

ही पिशवी म्हणजे नुसती सामान ठेवायची थैली नाही. नराचं शरीर तिथे अंड्यांना ऑक्सिजन आणि पोषण पुरवतं. आतल्या पाण्याचा खारटपणाही तेच सांभाळतं. दिवस भरत येतात तसं पिशवीतलं पाणी बाहेरच्या समुद्राच्या पाण्यासारखं होत जातं, म्हणजे बाहेर पडल्यावर पिल्लांना धक्का बसत नाही.

पाण्याच्या तापमानानुसार साधारण दोन ते चार आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. आणि बाबांची जबाबदारी तिथेच संपते. पिल्लांना भरवणं, राखणं, सोबत फिरवणं यातलं काहीही तो करत नाही. थोड्याच दिवसांत तो पुढच्या बाळंतपणासाठी तयार असतो.

पिल्लं जन्मतःच आईबापांची हुबेहूब लहान प्रतिकृती असतात. पिवळ्या समुद्री घोड्याचं पिल्लू जन्मतः जेमतेम ७ मिलिमीटरचं, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं. समुद्रात अशा एक हजार पिल्लांपैकी पाचसुद्धा मोठी होत नाहीत, असा अंदाज सांगितला जातो. इतकी पिल्लं एकदम का जन्माला येतात, याचं उत्तर या आकड्यात आहे.

मग वाटतं, टँकमध्ये तर शत्रू नाहीत, लाटा नाहीत, तिथे सगळी जगायला हवीत. प्रत्यक्षात तसं होत नाही.

अडचण पहिली: पोटच नाही

समुद्री घोड्याला दात नसतात आणि जठरही नसतं. खाल्लेलं अन्न साठवून सावकाश पचवायची सोय त्याच्या शरीरात नाही. अन्न आत जातं आणि भराभर पुढे सरकतं. म्हणून त्याला सतत खावं लागतं. पिल्लांना तर दिवसाला शेकड्यांनी, हजारांनी सूक्ष्म जीव लागतात.

त्यातही अट अशी की भक्ष्य जिवंत आणि हलणारं हवं. पिल्लू डोळ्यांनी पाहून शिकार करतं. पाण्यावर भुकटी टाकली तर तिच्याकडे ते ढुंकूनही बघत नाही.

हे भक्ष्य किती लहान हवं, याचा अंदाज मरोळकरांना पटकन येईल. मरोळचा सुक्या मासळीचा बाजार प्रसिद्ध आहे आणि तिथला जवळा घराघरांत जातो. मोठ्या समुद्री घोड्याला टँकमध्ये दिलं जाणारं 'मायसिस' हे खाद्य दिसायला या जवळ्यासारखंच, पण लहान. नवजात पिल्लाला मात्र ते कामाचं नाही. जवळ्याचा एक दाणा त्या पिल्लापेक्षा दुप्पट-तिप्पट लांब असतो.

पिल्लाला लागतात ते कोपेपॉड, रोटिफर किंवा आर्टेमियाची पिल्लं. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यात राहणारा, कोळंबीचा दूरचा नातलग. त्याची सुकवलेली अंडी डब्यात मिळतात. खाऱ्या पाण्यात टाकून खालून हवा सोडली की साधारण २४ तासांत त्यातून अर्धा मिलिमीटरहूनही लहान पिल्लं बाहेर येतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण आर्टेमियाचं पिल्लू जन्मताना आपल्यासोबत जी शिदोरी घेऊन येतं, ती काही तासांतच संपते. त्यानंतर ते पोहतं, दिसतं, खाल्लंही जातं, पण त्यात पोषण फारसं उरत नाही. म्हणून त्यालाच आधी ओमेगा-३ असलेलं खाद्य खाऊ घालायचं आणि मग ते समुद्री घोड्याच्या पिल्लाला द्यायचं, असा दुहेरी कारभार करावा लागतो.

शिवाय अगदी लहान पिल्लांना आर्टेमिया नीट पचत नाही. कधीकधी तो जसा आत गेला तसाच बाहेर पडतो. पिल्लू दिवसभर खाताना दिसतं आणि तरीही उपाशी मरतं. त्यामुळे पहिल्या दिवसांत कोपेपॉड सगळ्यात चांगले मानले जातात. पण ते डब्यात मिळत नाहीत. ते स्वतः वाढवावे लागतात आणि त्यांना खायला सूक्ष्म शेवाळही वाढवावं लागतं. म्हणजे एका टँकमागे आणखी दोन-तीन टाक्या आल्या.

अडचण दुसरी: हवेचा बुडबुडा

बऱ्याच प्रजातींची पिल्लं जन्मल्यावर लगेच शेपटीने काही धरून बसत नाहीत. सुरुवातीचे दिवस ती पाण्यात तरंगत राहतात आणि उजेडाकडे ओढली जातात. टँकमध्ये उजेड बहुतेक वेळा वरून येतो. मग पिल्लं पृष्ठभागाशी गोळा होतात, तिथे खाद्य टिपताना हवा गिळतात आणि तो बुडबुडा शरीरात अडकतो.

एकदा असं झालं की पिल्लू बुचासारखं वर तरंगतं. त्याला खाली जाता येत नाही, शिकार करता येत नाही. अनेक टँकमध्ये पहिल्या आठवड्यातले मृत्यू असे होतात.

यावर उपाय म्हणून गोलाकार टँक वापरतात. त्यात पाणी अगदी हळू, चक्राकार फिरत राहतं. पिल्लं आणि खाद्य दोन्ही मधल्या थरात राहतात. उजेड कुठून पडेल हेही ठरवावं लागतं. प्रवाह जरा जास्त झाला तर पिल्लं भिंतीवर आपटतात. कमी झाला तर वर गोळा होतात. नेहमीचा फिल्टर लावला तर ती थेट आत ओढली जातात.

काही दिवसांनी पिल्लं शेपटीने धरायला लागतात. तेव्हा टँकमध्ये जाळी, प्लॅस्टिकची रोपं असं काहीतरी ठेवावं लागतं. नाहीतर ती एकमेकांच्याच शेपट्या आणि माना धरून बसतात.

अडचण तिसरी: पाणी

इतकं जिवंत खाद्य टाकलं की त्यातलं बरंचसं उरतं, मरतं आणि कुजतं. वर पिल्लांची विष्ठा. लहान टँकमध्ये अमोनिया झपाट्याने वाढतो. उबदार आणि घाण पाण्यात व्हिब्रिओसारखे जिवाणू फोफावतात आणि एका रात्रीत पूर्ण टँक रिकामा होऊ शकतो.

आर्टेमियासोबत हायड्रॉइड नावाचे जीवही येतात. हे जेलीफिशचे नातलग. काचेवर बारीक लव उगवल्यासारखे दिसतात आणि दंश करून पिल्लांना मारतात. त्यांच्यासाठीही टाकलेलं खाद्य म्हणजे मेजवानीच, त्यामुळे ते पिल्लांच्याच टँकमध्ये जोमाने वाढतात.

मरोळच्या फ्लॅटमधला हिशेब

आता हे सगळं आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका वेळी २०० पिल्लं झाली आणि प्रत्येकाला दिवसाला १,००० सूक्ष्म जीव लागतात असं धरलं. म्हणजे दिवसाला २ लाख जीव. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम आर्टेमियाच्या अंड्यांतून साधारण तेवढी पिल्लं निघतात. म्हणजे खाद्याचा खर्च फार नाही. खर्च आहे वेळेचा. दोन-तीन बाटल्या आळीपाळीने लावायच्या, रोज गाळायच्या, धुवायच्या आणि दिवसातून पाच-सहा वेळा भरवायचं. सकाळी मरोळ नाक्यावरून मेट्रो धरून रात्री आठला परतणाऱ्या माणसाला हे कसं जमणार?

आता पाणी. टँक २० लिटरचा धरला आणि रोज पाव हिस्सा पाणी बदललं, तर ५ लिटर नवं खारं पाणी लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे रोज १७५ ग्रॅम, महिन्याला सव्वापाच किलो मीठ. आणि हे स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठी बनवलेलं क्षारमिश्रण लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणीही शुद्ध करून घ्यावं लागतं.

'समुद्र जवळच आहे, जुहू किंवा वर्सोव्याहून पाणी आणू' असा विचार मनात येईल. पण शहराच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही खाली येतो. नाजूक पिल्लांसाठी ते धोक्याचं.

शिवाय मुंबईचा उकाडा. मे महिन्यात बंद घरातलं पाणी सहज तापतं, म्हणून चिलर लागतो. आणि वीज गेली की हवा आणि प्रवाह दोन्ही थांबतात.

हा सगळा कारभार दीड-दोन महिने न चुकता केला, तर पिल्लं हळूहळू गोठवलेलं मायसिस खायला शिकतात. तोवर २०० मधली किती उरतील, याची कुणीही खात्री देत नाही.

आणि कायदा काय सांगतो?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. २००१ साली समुद्री घोडे आणि त्यांच्या कुळातले सगळे मासे, म्हणजे पाइपफिशसुद्धा, या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. २०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि अनुसूचींची मांडणी बदलली. पण समुद्री घोड्याला असलेलं संरक्षण काढलेलं नाही.

याचा अर्थ, समुद्री घोडा पकडणं, विकणं, विकत घेणं आणि परवानगीशिवाय जवळ ठेवणं हे सगळं कायद्याच्या कचाट्यात येतं. जिवंत असो वा वाळवलेला. शिक्षेत तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत.

इथे दोन पळवाटा नेहमी सांगितल्या जातात. पहिली, 'हा समुद्रातला नाही, टँकमध्येच जन्मलाय.' पण टँकमध्ये जन्मला म्हणून तो आपोआप संरक्षणाच्या बाहेर जात नाही. दुसरी, 'ही परदेशी प्रजात आहे.' पण २००१ ची नोंद एखाद्या प्रजातीपुरती नव्हती, पूर्ण कुळासाठी होती. शिवाय जगातल्या सगळ्या समुद्री घोड्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' या कराराखाली २००४ पासून नियंत्रित आहे. अशा यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची सरकारकडे नोंदणी करावी, असे नियम केंद्राने २०२४ मध्ये केले. दुकानदाराचा शब्द ही कायदेशीर कागदपत्रं नव्हेत.

मग संशोधक कसे वाढवतात?

परवानगी घेऊन आणि प्रयोगशाळेत. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी पिवळ्या समुद्री घोड्याला बंदिस्त जागेत वाढवण्यावर काम केलं. मोजमाप करताना माशाला त्रास होऊ नये म्हणून भुलीच्या चार औषधांची तुलना करणारा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. टँकमध्ये वाढवलेल्या समुद्री घोड्यांना होणारे रोग आणि परजीवी यांवरचा अभ्यास त्यानंतर दोन वर्षांनी आला.

हे विषय पाहिले तरी अंदाज येतो. प्रश्न फक्त 'खायला काय घालायचं' एवढाच नसतो. हात कसा लावायचा, आजार कसा ओळखायचा, हेही शोधावं लागतं. आणि तिथे त्यासाठी माणसं आणि यंत्रणा असते.

बंदी असूनही काळजी का?

वाळवल्यावरही आकार टिकतो, म्हणून समुद्री घोडा शोभेची वस्तू म्हणून विकला जातो. त्याहून मोठी मागणी पारंपरिक चिनी औषधांसाठी आहे. त्यासाठी जगभरातून दरवर्षी लाखो समुद्री घोडे पकडले जातात.

या माशाचा समुद्रात उतरून अभ्यास करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञ अमांडा व्हिन्सेंट यांनी १९९६ साली 'प्रोजेक्ट सीहॉर्स' ही संस्था सुरू केली. त्यांनी आणि तन्वी वैद्यनाथन यांनी भारतातल्या बंदीनंतर जवळपास दोन दशकांनी इथली परिस्थिती तपासली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की समुद्री घोडे अजूनही मोठ्या संख्येने पकडले जातात. बहुतेक ट्रॉलरच्या जाळ्यात, दुसऱ्या मासळीसोबत. मच्छीमार त्यांच्या मागावर नसतो. पण तळ खरवडत जाणारं जाळं कायदा वाचून मासे निवडत नाही.

आता यात घरगुती टँकचा संबंध काय? दुकानात लपूनछपून आलेला समुद्री घोडा बहुधा समुद्रातूनच आलेला असतो. अनेक प्रजातींत नर-मादीची जोडी विणीच्या पूर्ण हंगामात एकमेकांना धरून असते. रोज सकाळी भेटून दोघं नाचतात, रंग बदलतात. त्यातला एक काढला की मागे राहिलेल्याची वीणही थांबते, नवा जोडीदार मिळायला वेळ लागतो. म्हणजे टँकमध्ये एक आला, तरी समुद्राचं नुकसान एकाहून जास्त झालेलं असतं.

हौस आहे, मग पाळायचं काय?

जे बाबा पिल्लांची काळजी घेतात असे मासे पाहायचे असतील, तर कायदेशीर पर्याय आहेत.

सगळ्यात सोपा म्हणजे फायटर, ज्याला बेट्टा म्हणतात. गोड्या पाण्यातला मासा, लहान टँक पुरतो. नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, खाली पडलेली अंडी तोंडाने उचलून घरट्यात ठेवतो आणि राखण करतो. पिल्लांना इथेही पुढे आर्टेमियाच द्यावा लागतो, त्यामुळे जिवंत खाद्याचा सरावही होतो. फक्त दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत.

खाऱ्या पाण्याचीच ओढ असेल तर क्लाउनफिश, म्हणजे सिनेमातला 'निमो'. यातही अंड्यांची राखण नर करतो. नवी मुंबईत ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोसोबत शोभेच्या सागरी माशांची हॅचरी उभी केली आहे. क्लाउनफिश समुद्रातून न पकडता टाकीत तयार करायचे आणि त्यातून किनाऱ्यावरच्या लोकांना रोजगार द्यायचा, हा त्यामागचा विचार. त्यामुळे विकत घेताना मासा हॅचरीतला आहे का, हे विचारा. आणि त्याच्यासोबत जिवंत प्रवाळ विकत घेऊ नका. समुद्री घोड्याप्रमाणेच प्रवाळही संरक्षित आहेत.

कुणी समुद्री घोडा विकताना दिसला तर?

विकत घेऊ नका. 'सुटका करू' म्हणूनही नको, कारण विक्रेत्यासाठी ती विक्रीच असते आणि त्याच्या जागी दुसरा येतो. राज्याच्या वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. ऑनलाइन जाहिरात असेल तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा.

घरात आधीच असेल तर तो जुहूच्या समुद्रात नेऊन सोडू नका. टँकमधला मासा तिथे जगण्याची शक्यता कमी, आणि टँकमधले आजार समुद्रात जाण्याची भीती वेगळी. तेव्हाही वन विभागाशीच बोला.

आणि पुढच्या वेळी ते बाळंतपणाचं रील समोर आलं, तर जरूर पाहा, शेअरही करा. फक्त खाली 'कुठे मिळेल?' असं कुणी विचारलं असेल, तर त्याला उत्तर द्या.